अवच्छेदकाची भाषा

मालाडसारख्या उपनगरांत गृहनिर्माण संस्थांच्या सभा वारंवार भरत असतात. अशा एखाद्या सभेच्या इतिवृत्तांत ‘सर्व सभासद हजर नव्हते’ असें लिहिलें गेलें, तर वाचणारानें काय समजावें? कोणीच आलें नव्हतें, कीं कांहीं आले व कांहीं राहिले? पहिला अर्थ घेतला तर सभाच झाली नाहीं. दुसरा घेतला तर ती रीतसर झालेली असूं शकेल आणि तींतील ठराव सर्वांवर बंधनकारक ठरतील. व्याकरणाचा एकही नियम न मोडतां तें वाक्य दोन्ही अर्थ पोटांत बाळगून आहे.

हा दोष भाषेंतून समूळ काढण्याची ईर्ष्या पाश्चात्य पंडितांनीं फार दिवस धरिली आहे. इंग्लंडांत जॉन विल्किन्स यानें १६६८ सालीं तात्त्विक भाषेवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेंत जेम्स कुक ब्राऊन यांनीं १९५५ सालीं ‘लॉगलान’ नांवाची भाषा रचावयास घेतली, आणि तिच्यापासून १९८७ सालीं ‘लोजबान’ निघाली. परंतु आपल्याकडील नैयायिक याच कामास कित्येक शतकें आधीं लागले होते. चौदाव्या शतकांत मिथिलेच्या गंगेशोपाध्यायांनीं ‘तत्त्वचिंतामणि’ लिहिला. पुढें नवद्वीपांत रघुनाथ शिरोमणींनीं ती परिभाषा अधिक तीक्ष्ण केली.

त्यांनीं नवी भाषा निर्माण केली नाहीं. संस्कृतासच कांहीं मोजक्या शब्दांचे खिळे मारून घट्ट केलें. ज्याचा अभाव सांगावयाचा तो ‘प्रतियोगी’. आणि कोणत्या धर्मानें मर्यादित करून त्याचा अभाव सांगितला, तो धर्म ‘अवच्छेदक’. जमिनीवर घट आहे, पट नाहीं. अशा वेळीं ‘घट व पट दोन्ही नाहींत’ हें म्हणणें खरें कीं खोटें? नैयायिक उत्तर देतो कीं, ‘उभयत्व’ हें अवच्छेदक असेल तर खरें, कारण ती जोडी तेथें नाहीं. घटत्व व पटत्व हीं वेगवेगळीं अवच्छेदकें असतील तर खोटें. आमच्या सभेचा निवाडाही याच रीतीनें होतो. सभासदत्व हें अवच्छेदक धरलें तर दालन रिकामें होतें. समुदायत्व धरलें तर एकाची गैरहजेरीही पुरे.

लोजबानच्या कर्त्यांनीं निराळ्या ठिकाणीं पहारा बसविला. वाक्याचे दोन अन्वय होऊंच नयेत असें तिचें व्याकरण बांधलेलें आहे. मात्र दोन शब्द शेजारीं ठेवले म्हणजे पहिला दुसऱ्यास विशेष करतो, एवढेंच निश्चित होतें. कोणत्या नात्यानें, हें ऐकणारानें ओळखावें. आपल्या हातगाडी, घोडागाडी, दूधगाडी, आगगाडी या शब्दांकडे पाहावें. गाडी एकच, परंतु हात ढकलतो, घोडा ओढतो, दूध आंत बसतें आणि आग तिला चालविते! ही मोकळीक आम्हांस शहाणपणाची वाटते. बोलण्याकरितां भाषा करावयाची, तर प्रत्येक नातें उच्चारीत बसणें परवडत नाहीं. नैयायिकांनीं नेमकें तेंच केलें. नातें उघड सांगितलें, पण तें कित्येक ओळींच्या समासांत गुंफून. आणि समास फोडण्याचें काम वाचकाच्या गळ्यांत पडलें.

सोपेपणाची गरज त्यांच्यांतीलच कांहींना वाटली होती. सतराव्या शतकांत अन्नंभट्टांनीं ‘तर्कसंग्रह’ लिहिला तो मुद्दाम बालकांकरितां, आणि त्यांतून ही परिभाषा शक्य तितकी दूर ठेवून. यशवंत वासुदेव आठल्ये व महादेव राजाराम बोडस यांनीं सिद्ध केलेली त्याची आवृत्ति १८९७ सालीं मुंबईंत निघाली. परंतु ज्यांना मोठ्या ग्रंथांत शिरावयाचें होतें त्यांची सोय केली ती मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालयांत शिकविणाऱ्या भीमाचार्य झळकीकरांनीं. त्यांच्या ‘न्यायकोशा’ची दुसरी आवृत्ति १८९३ सालची. एकेका पारिभाषिक शब्दाखालीं त्यांनीं निरनिराळ्या ग्रंथांतील अर्थ क्रमांक घालून मांडिले आहेत. संदिग्धता घालविण्यासाठीं घडविलेल्या शब्दांनाच असे अनेक अर्थ लागावेत, हें पाहून प्रथम हसूं येतें. पण शास्त्रकारांच्या पिढ्या ज्या शब्दांवर भांडल्या ते शब्द दुसरे कसे राहणार? या कोशावर वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनीं पुन्हां हात फिरविला, आणि १९२८ सालीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें तो प्रसिद्ध केला.