आधी बादलीभर सोडून दे

मे महिन्यात चोपड्याला घरी गेलो की दुपारी मोरीत शिरताच आईचा आवाज येतो, "आधी बादलीभर सोडून दे, मग हात घाल." गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी तोवर चटका बसण्याइतकं तापलेलं असतं. बरेच दिवस न वापरलेल्या नळालाही तिचा हाच नियम. गेल्या वर्षी तोच नियम मला एका अमेरिकन हॉस्पिटलच्या गोष्टीत सापडला.

गोष्ट सुरू होते जुलै 1976 मध्ये. फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं. घरी परतलेली माणसं काही दिवसांतच न्यूमोनियाने दगावू लागली. एकूण 221 आजारी, 34 मृत्यू. विषबाधेपासून फ्लूपर्यंत सगळे संशय घेऊन झाले. सीडीसी या सरकारी संस्थेतल्या जोसेफ मॅकडेड यांना ऑगस्टमध्येच स्लाइडवर काही दांडुक्यासारखे जंतू दिसले होते, पण किरकोळ समजून त्यांनी ते सोडून दिले. नाताळच्या सुट्टीत मन राहवेना, म्हणून त्यांनी त्याच स्लाइड्स पुन्हा काढल्या. जानेवारी 1977 मध्ये जाहीर झालं की हा नवा जीवाणू आहे. पुढे त्याचं नाव पडलं लीजिओनेला.

नवा कसला! 1965 मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात न्यूमोनियाची साथ आली होती आणि तिचं कारण कधीच कळलं नव्हतं. त्या रुग्णांचे रक्तनमुने कुणीतरी जपून ठेवले होते. ते तपासले, तर तोच जंतू. बारा वर्षं उत्तर फ्रीजरमध्ये पडून होतं.

हा जंतू पाणी पिऊन सहसा बाधत नाही. शॉवरच्या किंवा कूलिंग टॉवरच्या बारीक तुषारांतून तो श्वासावाटे फुप्फुसात जातो. 25 ते 45 अंशांचं, साचलेलं पाणी त्याला मानवतं. पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात तो मुक्काम करतो. त्यामुळे हॉस्पिटल ही त्याच्यासाठी फारच सोयीची जागा. पाइपांचं जंजाळ, बंद पडलेले नळ आणि आधीच अशक्त झालेली माणसं, सगळं एका छताखाली. 1980 मध्ये ऑक्सफर्डला किडनी प्रत्यारोपणाच्या वॉर्डातल्या शॉवरमध्ये तो सापडला, तेव्हा डॉक्टरांची नजर पहिल्यांदा नळाकडे वळली.

पिट्सबर्गच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात व्हिक्टर यू आणि जॅनेट स्टाउट यांनी हे काम चिकाटीने केलं. नुसतं 'पाणी चांगलं की वाईट' न विचारता त्यांनी मोजलं की एकूण नळांपैकी किती नळांत जंतू आहे. हे प्रमाण 30 टक्क्यांच्या वर गेलं की रुग्ण दिसू लागत. मग टाकीतलं पाणी 70 अंशांपर्यंत तापवायचं आणि एकेक नळ सोडून ठेवायचा. जगभरची हॉस्पिटलं ज्यांच्याकडून शिकली, ती ही प्रयोगशाळा.

2006 मध्ये प्रशासनाने ती बंद केली. वर्षानुवर्षं जमवलेले नमुने नष्ट केले. प्रकरण अमेरिकी संसदेच्या समितीपर्यंत गेलं, पण नमुने काही परत येणार नव्हते. 2011-12 मध्ये त्याच हॉस्पिटलात साथ आली आणि किमान 5 रुग्ण गेले. आमच्या धंद्यात अलर्टचा त्रास होतो म्हणून कुणी तो म्यूट करतो, तेव्हा सर्व्हर बंद पडतो. इथे माणसं गेली. आणि यंत्रणा नव्हती असंही नाही. पाण्यात तांबं-चांदीचे आयन सोडणारं यंत्र चालू होतं. चौकशीत निघालं ते भलतंच साधं: गरम पाण्याचे नळ आणि शॉवर नियमित सोडले जात नव्हते, हॉस्पिटलात न्यूमोनिया झालेल्या प्रत्येक रुग्णाची या जंतूसाठी तपासणी होत नव्हती.

आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं मानक आहे, आयएस 10500. त्यात जिवाणूंची तपासणी म्हणजे ई. कोलाय आणि कोलिफॉर्म, पोटात जाणाऱ्या घाणीची खूण. कॉलरा, हगवण, कावीळ यांनी आपल्याला तेच शिकवलं. लीजिओनेला नेहमीच्या कल्चरवर उगवत नाही, पेनिसिलिनला दाद देत नाही आणि त्याची तपासणी मुद्दाम मागावी लागते. न मागितल्यास कागदावर फक्त 'न्यूमोनिया' एवढंच उरतं.

खानदेशात उन्हाळ्यात पारा 45 च्या घरात जातो. घरांवर, लॉजवर, दवाखान्यांवर तीच काळी टाकी. एरवी पाणी वाया घालवलं की ओरडणारी आई त्या पहिल्या बादलीला मात्र कधी नाव ठेवत नाही. ती बादली अंगणातल्या कडुनिंबाला जाते.