सपाट काचेंतील खोलपणा

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, वैनगंगेच्या खोऱ्यांत, लाखांदूर हें तालुक्याचें गांव आहे. हा सगळा धानाचा मुलूख. त्यास झाडीपट्टी म्हणतात. धानाची कापणी व मळणी आटोपली, कीं या भागांत नाटकांचा हंगाम सुरू होतो. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा हें नाटकमंडळ्यांचें ठाणें. तेथून मंडळ्या गांवोगांव जातात, आणि रात्रीं उभें राहिलेलें नाटक पहाटेपर्यंत चालतें. पुढल्या रांगेंतील मूल आणि अगदीं मागें घोंगडी पांघरून बसलेला म्हातारा, दोघांसहि नायक पुढें आलेला दिसतो, खलनायक मागें सरकलेला दिसतो. त्यासाठीं कोणास डोळ्यांवर कांहीं चढवावें लागत नाहीं. हाच प्रेक्षक घरीं टेलिव्हिजनसमोर बसला, म्हणजे मात्र सर्व माणसें एका काचेस चिकटल्यासारखीं होतात. त्या सपाट काचेस खोलपणा आणण्याची खटपट जवळजवळ टेलिव्हिजनाइतकीच जुनी आहे. आणि ती कोठें अडखळली, हें पाहण्यासारखें आहे.

खोलपणा हा चित्रांत नसतो; तो पाहणाराच्या मेंदूंत तयार होतो. माणसाच्या दोन डोळ्यांमध्यें सुमारें सहा ते साडेसहा सेंटिमीटरांचें अंतर असतें. त्यामुळें एकाच वस्तूचीं दोन किंचित् निराळीं रूपें दोन डोळ्यांस दिसतात, व मेंदू त्यांचा मेळ घालून जवळ कोणतें आणि दूर कोणतें तें ठरवितो. इंग्लंडांत चार्ल्स व्हीटस्टन यांनीं १८३८ सालीं ही गोष्ट प्रयोगानें सिद्ध केली. डाव्या व उजव्या डोळ्यास दिसतील तशीं एकाच आकृतीचीं दोन चित्रें काढून त्यांनीं तीं आरशांच्या साहाय्यानें ज्याचें त्या डोळ्यास दाखविलीं. तोंच कागदावरच्या रेषांतून घन वस्तु उभी राहिली. पुढें डेव्हिड ब्रूस्टर यांनीं १८४९ सालीं भिंगांचा सुटसुटीत स्टीरिओस्कोप तयार केला, आणि १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनानंतर तो घरोघर गेला. १९३९ सालीं निघालेला व्ह्यू-मास्टर हा त्याचाच वंशज. आपल्याकडील शहरी घरांतूनहि तो मुलांच्या हातीं असे. परंतु या सर्व यंत्रांत एक उणीव समान होती. एका वेळीं एकच माणूस पाही, आणि बाकीचे आपल्या पाळीची वाट पाहात उभे राहात.

टेलिव्हिजनाचे एक आद्य प्रवर्तक जॉन लोगी बेअर्ड यांनीं हीच युक्ति आपल्या यंत्रास लाविली. १० ऑगस्ट १९२८ रोजीं लंडनमधील लाँग एकर येथें त्यांनीं खोलपणा असलेलें टेलिव्हिजन दाखविलें. फिरत्या चकतीवरील भोकांच्या साहाय्यानें शेजारीं शेजारीं दोन चित्रें उमटत, आणि पाहणारा तीं स्टीरिओस्कोपांतून पाही. यंत्र नवें होतें. पण अडचण व्हीटस्टनच्या काळचीच राहिली.

अनेकांनीं एकदम पाहावें, यासाठीं दोन चित्रें एकावर एक टाकून चष्म्यानें वेगळीं करण्याचा मार्ग निघाला. एक काच तांबडी व दुसरी निळी, ही त्यांतली जुनी तऱ्हा. तिचें मूळ १८५३ सालापर्यंत जातें. मात्र तींत चित्राचे खरे रंग बिघडत. ध्रुवित प्रकाशाचा चष्मा आला, तेव्हां ती अडचण टळली. १९५२ च्या ‘ब्वाना डेव्हिल’ या चित्रपटापासून अमेरिकेंत त्याची लाट उसळली. भारतांत १९८४ सालीं ‘माय डिअर कुट्टिचातन’ हा मल्याळी चित्रपट आला, तोच पुढें हिंदींत ‘छोटा चेतन’ म्हणून गाजला. आणि २०१३ सालीं महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला २’ मध्यें रामदास पाध्ये यांचा तात्या विंचू मराठी प्रेक्षकांच्या अंगावर धांवून आला. चित्रगृहांत हें जमतें. तेथें सर्वजण एका दिशेस तोंड करून, अंधारांत, ठराविक वेळ बसतात; दाराशीं चष्मा घेतात आणि जातांना परत देतात.

घरची गोष्ट निराळी. चष्मा नसलेल्यास तें चित्र दुहेरी व फिसकटलेलें दिसतें. म्हणून टेलिव्हिजनासाठीं एक अगदीं वेगळा उपाय योजून पाहण्यांत आला. त्याचें मूळ जर्मनींतील कार्ल पुलफ्रिश यांनीं १९२२ सालीं विवरण केलेल्या एका चमत्कारांत आहे. ज्यास तो घरीं पाहावयाचा असेल, त्यानें दोऱ्यास एखादी गोटी टांगून ती डावी-उजवीकडे झुलवावी, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून उजव्या डोळ्यापुढें तेवढी काळ्या चष्म्याची एक काच धरावी. सरळ झुलणारी गोटी लंबवर्तुळांत फिरूं लागते. उजवीकडे जातांना जवळ येते, डावीकडे जातांना दूर जाते. कारण असें, कीं अंधुक चित्र मेंदूस किंचित् उशिरां पोंचतें. झांकलेला डोळा गोटीचें क्षणापूर्वींचें स्थान पाहतो, उघडा डोळा आतांचें. आणि या फरकासच मेंदू खोलपणा समजतो.

या युक्तीचा मोठा गुण हा, कीं चित्र एकच व नेहमींचें राहतें. ज्याच्याजवळ काळी काच आहे त्यास खोलपणा दिसतो, ज्याच्याजवळ नाहीं त्याचें कांहींच बिघडत नाहीं. १९९३ सालीं बी.बी.सी.नें ‘डॉक्टर हू’ मालिकेंतील एक छोटें प्रकरण याच रीतीनें दाखविलें. दोष एवढाच, कीं दृश्यानें सतत आडवें हलत राहिलें पाहिजे. पात्र स्थिर उभें राहून बोलूं लागलें, कीं खोलपणा मावळतो. आणि नाटकांतले बहुतेक मोलाचे प्रसंग तर स्थिर उभे राहूनच बोलले जातात. यांतली विलक्षण गोष्ट अशी, कीं पुलफ्रिश यांची एका डोळ्याची दृष्टि गेलेली होती. ज्या चमत्कारास त्यांचें नांव मिळालें, तो त्यांना स्वतः पाहतां येत नव्हता.

चष्म्यावांचूनचे मार्गहि शोधले गेले. फ्रान्समधील गाब्रिएल लिपमान यांनीं १९०८ सालीं बारीक भिंगांची जाळी चित्रासमोर बसविण्याची कल्पना मांडली. जत्रेंत मिळणाऱ्या, इकडून एक व तिकडून दुसरा देव दाखविणाऱ्या खरबरीत तसबिरी याच कुळांतल्या. डेनिस गाबोर यांनीं १९४७ सालीं होलोग्रामची कल्पना काढली व तीबद्दल १९७१ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु अनेक कोनांतून दिसणारें चित्र प्रत्येक क्षणीं नव्यानें पाठवावयाचें, तर माहितीचा भार अतोनात वाढतो.

२०१० च्या सुमारास मोठमोठ्या कारखान्यांनीं चष्म्याचे टेलिव्हिजन-संच बाजारांत आणले. २०१३ सालीं ई.एस.पी.एन.ची स्वतंत्र त्रिमिती वाहिनी बंद झाली, आणि २०१७ सालापर्यंत प्रमुख कारखान्यांनीं असे संच काढणेंच सोडलें. यंत्रांत सुधारणा होत होती, तरी घर कसें पाहतें, याचा विचार कमी पडला. मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं टेलिव्हिजन आलें, तेव्हां एका संचापुढें सारी चाळ बसे. पुढें संच घरोघर झाले, तरी कोणी भाजी निवडतां निवडतां पाहतें, कोणी आडवें होऊन, कोणी जातां येतां. इतक्या माणसांना इतके चष्मे पुरवावयाचे कोणीं? आणि ज्यास एकाच डोळ्यानें दिसतें, त्याच्या वांट्यास या चष्म्यांतून कांहींच येत नाहीं.

लाखांदूरच्या बाजूस भरणाऱ्या नाटकांत तो प्रेक्षकहि वगळला जात नाहीं. एका डोळ्याचा माणूस मान किंचित् हलवितो, पुढल्या पात्रानें मागलें पात्र झांकलेलें पाहतो, पावलांचा आवाज ऐकतो, आणि रंगभूमीची लांबी-रुंदी-खोली त्यास पुरी उमगते. खोलपणाचें नवें यंत्र जो कोणी घडवील, त्यानें कांच घासण्यापूर्वीं अशा एका रात्रीं मागल्या रांगेंत जाऊन बसावें, आणि तेथें कोण कोण बसलें आहे, तें मोजून घ्यावें.