जिताड्यासाठी रॉड व रीळ
जिताडा (शास्त्रीय नाव: लॅटिस कॅल्कॅरिफर) हा रायगड जिल्ह्यातील पेण परिसरातील धरमतर खाडी व रोह्याखालील कुंडलिका खाडीत आढळणारा शिकारी मासा आहे. गरीला लागताच तो उसळी घेऊन अडगळीकडे धावतो. म्हणून मर्यादित खर्चात रॉडपेक्षा रिळावर अधिक पैसे घालणे श्रेयस्कर ठरते. रिळाचा ड्रॅग, म्हणजे ताण येताच दोरी सोडणारी यंत्रणा, सुरळीत आणि बेअरिंग गंजरोधक असावीत. ६ ते ७ फुटी, मध्यम-जड फायबर ग्लासचा रॉड पुरतो. कास्टिंग रिळात दोरी गुंतण्याचा संभव असल्याने नवशिक्यांना स्पिनिंग रीळ सोयीचे असते. कल्ल्यांची झाकणे धारदार असल्याने दोरीच्या टोकाला जाड नायलॉन जोडतात. वापरानंतर रीळ गोड्या पाण्याने धुणे आवश्यक असते. जिताडा प्रथम नर असतो व वाढल्यावर मादी होतो. त्यामुळे मोठे मासे सोडून देणे प्रजननास उपकारक ठरते.