न्यायासन सोडून संघात आलेला महामात्र

अजिंठ्याच्या वाटेवरील पहूर आमच्या वाचकांस परिचित आहे. पाचोरा-जामनेर नॅरोगेज गाडीने तेथे उतरून प्रवासी लेण्यांकडे जात. तेथील सोळावे लेणे पाचव्या शतकात वाकाटक नृपती हरिषेणाचा सचिव वराहदेव याने संघास दिले. हे दान त्याने सचिवपदावर राहूनच केले, आणि उपासकाच्या दृष्टीने त्यात काही उणे नाही. पालि विनयात मात्र पद सोडून आलेला एक अधिकारी भेटतो.

दुसऱ्या पाराजिकाच्या कथेत धनिय हा कुंभारपुत्र भिक्षू राजा बिंबिसाराचे राखीव लाकूड कुटीसाठी नेतो. जाब विचारताच म्हणतो, राज्याभिषेकसमयी महाराजांनीच श्रमण-ब्राह्मणांना तृण, काष्ठ, उदक दिले आहे! (ही पळवाट आजच्या कोर्टातही शोभेल.) ते वचन अरण्यातील बेवारशी वस्तूंपुरते होते, असे बजावून राजा त्याला सोडतो, लोक मात्र संघाला नावे ठेवतात. तेव्हा तथागत जवळ बसलेल्या एका भिक्षूस विचारतात, किती मोलाच्या चोरीला बिंबिसार वध, बंधन वा हद्दपारी देतो? हा भिक्षू प्रव्रज्येपूर्वी ‘वोहारिक महामत्त’, म्हणजे न्यायनिवाडा करणारा महामात्र होता. तो सांगतो, एक पाद. त्या काळी राजगृहात पाद म्हणजे पाच मासक. हेच माप संघाच्या नियमात आले. विनयाने त्याचे नाव नोंदविलेले नाही. परंतु न्यायासन सोडताना तेथील ज्ञान त्याने टाकून दिले नव्हते, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

बाबासाहेबांचा प्रवासही याच दिशेचा आहे. १९२३ पासून ते मुंबईत बॅरिस्टर म्हणून वकिली करीत. १९२९ साली सरकारी समितीचे सदस्य या नात्याने एका सामाजिक बहिष्काराच्या चौकशीसाठी ते धुळे मार्गावरील एका गावी गेले. परतताना चाळीसगावला उतरले, तो टांगेवाले त्यांचा टांगा हाकण्यास तयार होईनात. अखेर वस्तीतील माणसाने तो हाकला. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. बॅरिस्टरीची सनद टांगेवाल्याच्या मनातील विटाळ काढू शकली नाही.

१९५१ साली त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल रखडले, हे त्यामागील एक प्रमुख कारण. पुढील वर्षांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ सिद्ध झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी दीक्षा घेतली व जनसमुदायास बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांची एकेक सुटी, निःसंदिग्ध कलमे वाचताना संविधानाच्या मसुद्याला सरावलेला हात ओळखू येतो. चोरी न करण्याची प्रतिज्ञाही त्यांत आहे. तेथे पाद किती, मासक किती, हे विचारलेले नाही.