मुंबई गोदीतील सागवानी जहाजे : लाकूड व खिळा यांच्या संबंधाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना : इ.स. १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने बांधलेल्या जहाजांच्या टिकाऊपणाचे श्रेय प्रामुख्याने सागवानास दिले जाते. त्या श्रेयात जोडकामाचाही वाटा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचन : इंग्लंडमधील जहाजे मुख्यत्वे ओक लाकडाची असत. ओकमधील टॅनिक आम्लामुळे लोखंडी खिळे गंजत व भोवतालचे लाकूडही कमकुवत होई. सागातील नैसर्गिक तेल मात्र लोखंडास जपते. तथापि, कठीण लाकडात जाड खिळा थेट ठोकल्यास लाकूड चिरते किंवा खिळा वाकतो. म्हणून प्रथम गिरमिटाने खिळ्याहून किंचित लहान छिद्र पाडावे लागते. छिद्र मोठे झाल्यास सांगाडा खिळखिळा होतो; फार लहान राहिल्यास फळी फुटते. इ.स. १७८० च्या दशकात ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळास सर्रास तांब्याचे पत्रे बसू लागले. खाऱ्या पाण्यात तांब्याच्या सान्निध्यामुळे लोखंडी बोल्ट झपाट्याने झिजू लागले. परिणामी पाण्याखालील भागासाठी तांबेमिश्रित धातूचे बोल्ट स्वीकारावे लागले. म्हणजेच लाकूड, धातू व पाणी या तिन्हींचा मेळ साधणे हेच खरे कौशल्य होते.

निष्कर्ष : जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेले, इ.स. १८१७ मध्ये जलावतरण झालेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज मोठ्या दुरुस्तीनंतर आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. वाडियांची नावे इतिहासात नोंदली गेली. मात्र गिरमीट फिरविणाऱ्या सुतारांच्या श्रमांची दखल घेतल्याशिवाय मुंबईच्या जहाजबांधणीचा इतिहास पूर्ण होत नाही.