गावकीची खोली : मुंबईतील स्वस्त मुक्कामाचा इतिहास आणि आपले वाचन

मुंबईविषयीच्या मराठी साहित्याची चर्चा करताना 'चाळ' हा शब्द समीक्षेत फार सैलपणे वापरला जातो. चाळ म्हटले की सामाईक गॅलरी, नळावरची भांडणे, गणेशोत्सव आणि खोलीखोलीतून नांदणारी कुटुंबे असे एक चित्र उभे राहते. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'ने (१९५८) हे चित्र मराठी मनात कायमचे कोरले. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे. परळ, लालबाग, डिलाईल रोड या भागांत आलेल्या हजारो पुरुषांचा मुंबईतील पहिला मुक्काम कुटुंबाच्या घरात पडलाच नाही. तो पडला दहा-वीस पुरुषांनी मिळून घेतलेल्या एका खोलीत. आज ज्याला डॉर्मिटरी किंवा हॉस्टेल म्हणतात, त्याचे मुंबईने घडवलेले हे देशी रूप होते. या मुक्कामाचा इतिहास आम्ही येथे मांडू इच्छितो, आणि त्याबरोबर एक प्रश्नही : हा मुक्काम स्वस्त होता, तो नेमका कोणासाठी?

मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात ताडदेवला उभी राहिली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत गिरण्यांची संख्या ऐंशीच्या घरात गेली. या गिरण्यांना माणसे पुरवली ती मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्याने आणि घाटावरच्या सातारा-पुण्याच्या मुलखाने. कोकणातली शेती पोटाला पुरत नव्हती, पण ती सोडवतही नव्हती. त्यामुळे पुरुष मुंबईला, आणि बायकामुले, म्हातारी माणसे, गुरेढोरे गावाला अशी कुटुंबाची विभागणी झाली. १९२१ च्या शिरगणतीच्या वेळी मुंबईत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या साधारण निम्मी होती. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली तरी 'चाळीतले कुटुंब' या प्रतिमेबाहेर केवढे शहर उरते, याची कल्पना यावी. 'चाकरमानी' हा शब्द याच विभागणीतून अर्थवान झाला. चाकरमानी मुंबईत राहतो खरा, पण त्याचे घर गावी असते.

या चाकरमान्याने भाड्याने घेतलेली वस्तू म्हणजे खोली नव्हे, खोलीतली जागा. वळकटी पसरण्यापुरती जमीन, भिंतीला लागून पत्र्याची पेटी आणि कपडे अडकवायला एक खुंटी, एवढा त्याचा संसार. सुमारे दीडशे चौरस फुटांच्या खोलीत इतकी माणसे मावत, त्याचे रहस्य गिरणीच्या भोंग्यात होते. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की रातपाळीचा येऊन त्याच जागी आडवा होई. उन्हाळ्यात गॅलरी, जिना आणि फुटपाथ हेही खोलीचेच भाग होत. खोली बहुधा एका गावच्या किंवा एका वाडीच्या माणसांची असे. पुढे कित्येक ठिकाणी ती गावच्या ग्रामस्थ मंडळाच्या ताब्यात आली. नवा पोरगा गावच्या माणसाबरोबर मुंबईला येई तो थेट या खोलीवर. गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटवणारा जॉबर पुष्कळदा याच नात्यागोत्यातला असे. म्हणजे मुक्काम, नोकरीची ओळख, अडीनडीची उसनवारी आणि गावची खबरबात हे सारे एकाच उंबऱ्याच्या आत मिळे. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत, पालखीचा खर्च यांच्या वर्गण्याही येथेच ठरत.

ही व्यवस्था टिकण्यामागे कायद्याचाही हात होता. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याच्या पूर्ण नावात घरभाड्याबरोबर हॉटेले आणि 'लॉजिंग हाऊस' यांच्या दरांचाही उल्लेख होता. शहरातल्या तात्पुरत्या मुक्कामाचा प्रश्न सरकारदरबारीही किती मोठा मानला जात होता, ते या नावावरूनच दिसते. या कायद्याने प्रमाणभाड्याची पातळी १९४० च्या आसपास गोठवली. त्यामुळे पुढच्या अनेक दशकांत दर माणशी भाडे नाममात्र राहिले. भाडेपावती मात्र बहुधा एकाच्या नावावर फाटे. हक्क अनेकांचा आणि कागद एकाचा, ही या व्यवस्थेतली नाजूक गाठ.

गिरणगावाच्या दक्षिणेस, गिरगावला लागून असलेल्या धोबीतलावावर याच व्यवस्थेचे दुसरे रूप दिसते. ते म्हणजे गोवेकरांचे 'कूड'. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. मुंबईत बोटीवर, बँडमध्ये किंवा साहेबाच्या मुदपाकखान्यात काम शोधायला येणारा गोवेकर ख्रिस्ती आपल्या गावच्या कूडात उतरे. जेर महाल या इमारतीतले कूड तर प्रसिद्धच आहेत. तेथेही भिंतीला लागून पेट्यांची रांग. फक्त मध्यभागी गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना. लालबागच्या खोलीतले भजन आणि धोबीतलावच्या कूडातली प्रार्थना यांचे सामाजिक कार्य एकच होते : परक्या शहरात माणसाला गावाच्या नजरेखाली ठेवणे. अशा एकट्या पुरुषांच्या वस्तीतून प्रेक्षकही तयार झाला. कोंकणी तियात्राचा पहिला प्रयोग १८९२ साली झाला तो गोव्यात नव्हे, मुंबईत. परळ-लालबागच्या भजनाच्या डबलबाऱ्या, नमन आणि शाहिरी यांच्याकडेही या दृष्टीने पाहता येईल.

मुक्कामाची ही बाजू पुरुषांची झाली. परंतु खोलीत चूल क्वचितच असे. जेवण येई ते खानावळीतून, आणि गिरणगावातली खानावळ म्हणजे पुष्कळदा शेजारच्या खोलीतल्या एखाद्या बाईचे स्वयंपाकघर. ती दहा-वीस 'मेंबरां'चे दोन वेळचे जेवण रांधी आणि पैसे महिन्याच्या पगारावर घेई. संप झाला की तिचे पैसे थकत, तरी ताटे बंद होत नसत. संपकऱ्यांच्या सोशिकपणाचा गौरव पुष्कळ झाला. त्या सोशिकपणाला रोज भाकरी लागत होती आणि ती उधारीवर मिळत होती, हे मात्र उशिरा ध्यानात आले. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली, तेव्हा त्यांच्या श्रमाला प्रथमच 'धंदा' म्हणून मान्यता मिळाली. तरीही गावकीच्या खोलीत किंवा कूडात मुक्काम करण्याचा अधिकार बाईला नव्हताच. शहरात एकटी येणारी स्त्री या व्यवस्थेच्या कल्पनेतच नव्हती.

दुसरा बंद दरवाजा जातीचा. गावकीची खोली म्हणजे गाव, हे म्हणताना गावाची रचनाही तिच्याबरोबर आली हे विसरता येत नाही. एकाच गावचे असूनही गावकुसाबाहेरच्या माणसाला त्या खोलीत वळकटी टाकता येत नसे. त्याच्या वस्त्या आणि चाळी वेगळ्या. गिरणीतही तेच. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून अस्पृश्य कामगाराला विणकामखात्याचे दार बंद होते. साच्यावरची आणि अंथरुणावरची शिवाशीव एकाच मनोवृत्तीतून आलेली आहे.

स्वस्त मुक्कामाचा आणि जातीचा संबंध सर्वांत तीव्रपणे उघड होतो तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आत्मकथनात्मक टिपणांत. घटना मुंबईची नव्हे, बडोद्याची, वर्ष १९१७. परदेशातून शिकून नोकरीवर हजर होण्यास आलेल्या या विद्वानाला हिंदू खाणावळ जागा देणार नाही हे ठाऊक असल्याने तो पारशी विश्रांतिगृहात पारशी नाव लावून उतरला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्याला तेथून निघावयास लावले, आणि तो मुंबईस परतला. रोजचे दीड रुपया भाडे देण्याची ऐपत होती. पण उतारूला पैशाशिवाय आणखी एक किंमत मोजावी लागते आणि ती किंमत म्हणजे त्याची ओळख, हे या प्रसंगाने लख्ख दिसते. बाबासाहेब पुढे परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दीर्घकाळ राहिले. तेथून जवळच्याच दामोदर हॉलमध्ये मार्च १९२४ मध्ये झालेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेची वाटचाल सुरू झाली. या सभेने अगदी आरंभी हाती घेतलेल्या कामांत सोलापूरचे विद्यार्थी वसतिगृह (१९२५) होते, ही गोष्ट आम्हांस योगायोगाची वाटत नाही. ज्याला उतरायला जागा नाही त्याला शिकायलाही जागा नाही, हे त्यामागचे उघड तर्कशास्त्र आहे.

आता साहित्याकडे वळू. गावकीच्या खोलीवर मोठी कादंबरी शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. ती भेटते गाण्यांत. अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही रचना केवळ विरहगीत किंवा केवळ संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे गीत म्हणून वाचणे पुरेसे नाही. शहरात जागा आहे पण घर नाही, अशा पुरुषाचा तो उद्गार आहे. याउलट जयंत पवार यांच्या 'अधांतर'मध्ये (१९९७) गिरणगाव येते ते कुटुंबाच्या रूपाने. या दोन कृतींमध्ये जे अंतर आहे, ते खोलीचे घर होण्याच्या प्रक्रियेचेही आहे. वर्गात या दोन्ही कृती शेजारी ठेवून 'येथे कोण झोपते आणि कोणाला झोपता येत नाही?' एवढाच प्रश्न विचारला, तरी 'महानगरीय साहित्य' या गुळगुळीत संज्ञेला धार येते, असा आमचा अनुभव आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. हजारोंनी पेट्या उचलून गावची वाट धरली आणि कित्येक खोल्या रिकाम्या झाल्या. त्यानंतर गिरण्यांच्या जमिनी गेल्या, चाळींचा पुनर्विकास आला, आणि 'हक्क अनेकांचा, कागद एकाचा' ही जुनी गाठ आता कोट्यवधींच्या किमतीची झाली. पुनर्विकासाला पावतीवरचे नाव कळते. खुंटीवरचा सदरा कळत नाही.

स्वस्त मुक्कामाची गरज मात्र संपलेली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकात 'पॉड हॉटेल' सुरू झाले. तेथे तासांच्या हिशेबाने झोपण्यापुरता कप्पा मिळतो. पाळीपाळीने अंथरूण वापरणाऱ्या शहराला ही कल्पना नवी नाही. नवे एवढेच की तेथे गाव विचारत नाहीत, ओळखपत्र विचारतात. हा बदल लहान नव्हे. गाव न विचारणारे अंथरूण या शहरात ज्यांना कधी मिळाले नाही, त्यांच्या बाजूने तो मोठाच आहे. पण त्या कप्प्यातला माणूस आजारी पडला तर त्याच्या उशाशी बसणारे कोणी नसते, आणि काम सुटले तर त्याचे ताट उधारीवर चालू ठेवणारीही कोणी नसते. गावकीच्या खोलीने आपल्या माणसाला हे सर्व दिले आणि परक्याला दार लावले. तिच्याविषयी लिहिताना या दोन वाक्यांतले एकही गाळता येणार नाही.