रविवारची नोंद कुठे सापडते? पाचोऱ्यातून एका धर्मग्रामाचा इतिहास शोधताना

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज एक सराव करू या. समजा, तुम्हाला खानदेशातल्या कॅथलिक समाजावर काम करायचंय आणि गाव निवडलंय पाचोरा. मुंबई–भुसावळ मार्गावरचं स्टेशन, जामनेरला जाणारी नॅरोगेजची 'पीजे' जिथून सुटायची ते जंक्शन. प्रश्न साधा आहे: इथली कॅथलिक माणसं आठवड्याची उपासना कशी करत होती आणि त्या उपासनेभोवती त्यांचा समाज कसा बांधला गेला? आता सांगा, पहिलं कागदपत्र कोणतं उघडाल?

बहुतेक जण जनगणना म्हणतील. पण स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनेच्या मुख्य तक्त्यांत 'ख्रिश्चन' असा एकच रकाना मिळतो. खानदेशात प्रोटेस्टंट मिशनांचंही मोठं काम झालेलं आहे, त्यामुळे त्या आकड्यातला कॅथलिक वेगळा काढता येत नाही. म्हणून जावं लागतं चर्चच्या नोंदवह्यांकडे. आणि तिथे जाण्याआधी 'पॅरिश' म्हणजे काय ते नीट समजून घ्या.

पॅरिशला मराठी कॅथलिक 'धर्मग्राम' म्हणतात. धर्मग्राम म्हणजे चर्चची इमारत नव्हे. चर्चच्या कायद्यानुसार ती सर्वसाधारणपणे एक हद्द असते आणि त्या हद्दीत राहणारा प्रत्येक कॅथलिक तिचा सभासद असतो. म्हणजे पाचोऱ्यातल्या कुटुंबाची नोंद दुसऱ्याच गावच्या चर्चमध्ये असू शकते. शिवाय हद्दी बदलतात. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, ही झाली सरकारी हद्द. चर्चची हद्द वेगळी चालते: नाशिक धर्मप्रांत १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला आणि जळगाव-धुळे त्यात आले. त्यामुळे जुना पत्रव्यवहार शोधताना फक्त नाशिकला जाऊन भागत नाही. पहिला प्रश्न नेहमी हाच ठेवा: मला ज्या वर्षाची नोंद हवी, त्या वर्षी हे गाव कोणाच्या हद्दीत होतं?

आता नोंदवही उघडू. स्नानसंस्कार, विवाह, मृत्यू अशा वेगवेगळ्या वह्या असतात. या पद्धतीचं मूळ १५६३ च्या ट्रेंट धर्मपरिषदेच्या ठरावात आहे. लग्न धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदारांसमोर व्हावं, त्याआधी तीनदा चर्चमध्ये जाहीर पुकारा व्हावा आणि धर्मगुरूने वही ठेवावी, असं तिथे ठरलं. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने नोंदींचे नमुनेही दिले. म्हणूनच वसईची असो वा खानदेशातली, जुन्या वहीचा साचा ओळखीचा वाटतो. लॅटिनचे आठ-दहा ठरलेले शब्द शिकलात तर बरंच वाचता येतं.

पण खरा खजिना असतो समासात. १९०७ च्या एका फर्मानाने सक्ती केली की लग्न कुठेही झालं तरी त्याची माहिती स्नानसंस्काराच्या वहीत, त्या व्यक्तीच्या नावासमोर लिहायची. समजा, एखाद्या फायरमनच्या मुलीचा स्नानसंस्कार भुसावळला झाला आणि लग्न इगतपुरीला. तर इगतपुरीहून कळवलं जाणार आणि भुसावळच्या वहीच्या समासात एक ओळ वाढणार. रेल्वेतल्या माणसांच्या बदल्या होत राहायच्या. गाव सुटलं तरी वही सुटत नसे. स्थलांतराचा इतिहास लिहिणाऱ्याला याहून चांगला धागा क्वचितच मिळेल.

इथेच एक अडचण येते, आणि ती बऱ्याच प्रबंधांत दिसते. नोंदवही जन्म, लग्न आणि मृत्यू सांगते. एका माणसाच्या आयुष्यातले फार तर चार-पाच दिवस. पण समाज उभा राहतो तो वर्षाच्या बावन्न रविवारांवर. मिस्साला जाणं हे कॅथलिकांवर बंधन आहे, तरी तिथे हजेरीपट कोणी ठेवत नाही. जी गोष्ट दर आठवड्याला घडते तिचीच नोंद नाही! मग ती शोधायची कशी?

तीन ठिकाणी बघा. एक, सूचनांची वही. मिस्साच्या शेवटी वाचल्या जाणाऱ्या सूचनांत लग्नाचे पुकारे, सणाची तयारी, सभा, वर्गणी सगळं येतं. दोन, मिस्साच्या हेतूंची वही. कोणाच्या नावाने, कोणत्या कारणासाठी मिस्सा सांगितली आणि किती दान दिलं, हे लिहून ठेवणं धर्मगुरूवर बंधनकारक आहे. कोणत्या कुटुंबाने आपल्या मृतांची आठवण किती वर्षं जपली, हे तिथे कळतं. तीन, जमाखर्च. रविवारच्या दानपेटीची रक्कम पगाराच्या आठवड्यात वाढते का? तर मग समोर पगारदार समाज आहे. सुगीनंतर वाढते का? तर शेतकरी किंवा शेतमजूर.

भाषाही विचारा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी लोकभाषांना वाट मोकळी केली. तोवर मिस्सा लॅटिनमध्येच होत असे. लॅटिन सर्वांना सारखीच परकी होती. ती गेल्यावर प्रत्येक धर्मग्रामाला ठरवावं लागलं: इंग्रजी की मराठी, आणि कोणती किती वाजता? अँग्लो-इंडियन, गोवेकर आणि मराठी कुटुंबं जिथे एकत्र होती, तिथे मिस्साच्या वेळापत्रकातूनही समाजातलं वजन कळतं.

आणि मुलाखती. पाचोऱ्यासारख्या गावात 'तुम्ही चर्चला जायचात का?' हा प्रश्न वाया जातो, उत्तर 'हो' येतं. त्याऐवजी विचारा, "ज्या रविवारी फादर येऊ शकत नसत, त्या दिवशी घरी काय व्हायचं?" धर्मगुरू नसेल तर कुटुंबाने किंवा काही कुटुंबांनी मिळून प्रार्थना करावी, असं १९८३ ची धर्मसंहिताही सुचवते. मग कोण वाचायचं, कोणाच्या घरी जमायचं, ड्यूटीवर असलेल्यांचं काय, हे सगळं बाहेर येतं. त्यात बहुधा बायकांची नावं येतात, जी वहीत फक्त 'आई' किंवा 'साक्षीदार' म्हणून दिसतात.

शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. स्नानसंस्काराच्या वहीत दत्तक, अविवाहित आई, रद्द झालेलं लग्न अशाही नोंदी असतात. तालुक्याच्या गावात मोजकीच कुटुंबं असतील तर नाव बदलून काही लपत नाही. वडिलांचा हुद्दा आणि वर्ष दिलं की लोक घर ओळखतात. त्यातही जातीचा प्रश्न आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिश्चन आजही बाहेर आहेत. अनुसूचित जमातींना धर्माची अशी अट नाही. म्हणजे तुमच्या एका तळटीपेचा परिणाम एका दलित कुटुंबावर वेगळा आणि भिल्ल कुटुंबावर वेगळा होऊ शकतो. तुमचा प्रबंध उद्या कोणाच्या तरी दाखल्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे केला जाऊ शकतो.

म्हणून परवानगी मागताना फादरांना फक्त 'वही बघू का' असं म्हणू नका. काय उतरवणार, काय छापणार नाही, किती वर्षांपूर्वीच्या नोंदीपर्यंतच जाणार, हे एका पानावर लिहून द्या. तेच पान मुलाखत देणाऱ्यांनाही वाचून दाखवा. आणि वही हातात आली की पहिल्या दिवशी नावं उतरवू नका. आधी वर्षं, गावं आणि व्यवसाय एवढंच टिपा. कोणत्या नावाची खरंच गरज आहे, ते त्यानंतर ठरवा.